आभासी चेहऱ्यावरचा तीळ

पाटीपेन्सिल
नऊ वर्षं संगणकावर थ्रीडी चेहरे करतोय, त्यातही मुख्यतः कातडी. परवा क्लायंटने जाहिरातीसाठीच्या एका आभासी मॉडेलचा चेहरा परत पाठवला. शेरा काय, तर "फारच परफेक्ट वाटतेय, थोडे दोष टाका." टाकले. गालांवर बारा-पंधरा ठिपके, नाकाशी एक तीळ, डावी भुवई केसभर वर. पंधरा मिनिटांत पास! तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

इन्स्टाग्रामवरची मिकेला ही आभासी मुलगी २०१६ साली आली तीच गालभर ठिपके आणि दातांत फट घेऊन. आता तो ठोकताळाच झालाय. पण खऱ्या तोंडावरचा दोष म्हणजे काहीतरी घडून गेल्याची खूण. २०१२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकवाल्याचा फोटो आला होता. २८ वर्षं गाडी हाकून खिडकीकडचा डावा गाल सुरकुतलेला, उजवा त्यामानाने बराच तरुण. (आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे रापणार उजवा.) स्लायडर सरकवून आणलेल्या सुरकुतीमागे कुठली खिडकी?

ताकभात
अहो, खिडकी शोधायला वेळ कुणाला आहे? माणूस दोन सेकंद बघतो आणि बोट वर सरकवतो. आणि चित्र म्हटलं की बनवाबनवी आलीच. रविवर्म्याच्या लक्ष्मीला कधी मुरूम दिसला? १८९४ मध्ये छापखाना काढून त्यांनी ते गुळगुळीत चेहरे घरोघरी पोचवले. आमच्या आजीने हात जोडताना एकदाही विचारलं नाही की ही बाई खरी का वाटत नाही.

पाटीपेन्सिल
लक्ष्मी "मी तुमच्यातलीच" असं म्हणत नाही हो. क्रीमही विकत नाही.

ताकभात
विकत नाही? वाण्याकडची कॅलेंडरं विसरलात वाटतं.

फिल्मरोल
मी लग्नाचे फोटो काढतो. एका नवरीच्या हनुवटीवरचा टाक्यांचा व्रण मी सवयीने पुसला. तिची आई अल्बम घेऊन परत आली. "जिन्यावरून पडली होती तेव्हाचा आहे तो, होता तसा आणा." आणला. निघताना हळूच म्हणाल्या, "रंग मात्र असाच उजळ राहू दे." आता सांगा, काकूंना कुठल्या गटात टाकायचं?

उन्हातलाकान
तुम्ही सगळे ठिपक्यांवर अडकलात. मासाहिरो मोरी या जपानी संशोधकाने १९७० मध्येच कृत्रिम हाताचं उदाहरण दिलं होतं. हात दिसायला हुबेहूब, पण हातात घेतला की थंड आणि लिबलिबीत, मग अंगावर काटा येतो. चेहऱ्याचंही तेच. उजेड कातडीत शिरतो, आत पसरतो आणि शेजारून बाहेर पडतो, म्हणून तर उन्हाकडे पाठ करून उभ्या माणसाची कानाची पाळी लालबुंद दिसते. ते गणित चुकलं तर मेणाच्या बाहुलीवर शंभर तीळ काढा, ती मेणाचीच राहणार. खोट वगैरे नंतरची गोष्ट.

पाटीपेन्सिल
गणित मान्य, रोज त्याच्याशीच झटापट असते. पण ते जमल्यावरच माझा प्रश्न सुरू होतो ना.

बिनकामाची
कातडीचं काय घेऊन बसलात! २०१७ मध्ये कॅमेरॉन-जेम्स विल्सन या ब्रिटिश फोटोग्राफरने शुडू नावाची काळीसावळी आभासी मॉडेल केली. देखणी आहे, वादच नाही. पण टीका झाली ती गोऱ्या पुरुषाने काळ्या बाईचं रूप बनवून पैसे कमावण्यावर. त्या जागी खरी मुलगी उभी राहिली असती तर तिला मानधन मिळालं असतं, आणि मेकअपवाली, केसवाली यांनाही. मी पाच वर्षं मेकअप करत होते, म्हणून बोलतेय. तुमचा तीळ खरा की खोटा, यावर माझं घर चालत नाही.

ताकभात
हा मुद्दा मात्र बिनतोड. +१

पाटीपेन्सिल
बिनकामाची, यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या साखळीत मीही आहेच.

बाय द वे, आत्ताच मेल आली. तीळ उजव्या बाजूला हवाय. डावीकडे बाटली येणार आहे म्हणे.

ताकभात
बघा, मिळालं की तुमच्या तिळाला कारण!