निवृत्त बँक कर्मचाऱ्यांचा गट मेडिक्लेम: १ नोव्हेंबरपासून विमा कंपनी आणि टीपीए (कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) दोन्ही बदलणार. सभासदांची तयारी कशी करून घ्यावी?

संघाचा_चिटणीस (नाशिक)

नमस्कार मंडळी. आमच्या निवृत्त कर्मचारी संघात साधारण दीडशे सभासद आहेत. बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे आणि त्यांत तीसेक जणी कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या भगिनी. आयबीएच्या (भारतीय बँक संघटनेच्या) गट योजनेचं वर्ष १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर असतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा कंपनी आणि टीपीए दोन्ही बदलणार असल्याचं परिपत्रक आलं आहे. ते इंग्रजीत आहे आणि सोळा पानी आहे. विकल्प, म्हणजे योजनेत राहायचं का आणि कोणता पर्याय हवा ते, भरायला जेमतेम तीन आठवडे आहेत.

हप्ता वाढला म्हणून काही जण बाहेर पडायचं म्हणताहेत. काहींना वाटतं, जुनं कार्ड आहे ते चालेल, आपण काही करायची गरज नाही. दोन बैठका घेऊन सगळ्यांना नीट सांगायचं ठरवलं आहे. काय सांगावं, कोणत्या क्रमाने सांगावं आणि लोक नेमके कुठे अडकतात, हे जाणकारांनी लिहावं. परिपत्रकाचं भाषांतर नको आहे.

---

डेस्क_क्रमांक_३

चिटणीससाहेब, पहिल्या बैठकीत फक्त नाव, जन्मतारीख, खातं आणि विकल्प एवढ्या चारच गोष्टी घ्या. आजार, खोलीभाडं, टॉप-अप हे सगळं दुसऱ्या बैठकीत. पहिल्या चारांत चूक राहिली तर पुढचं सगळं फुकट जातं.

नाव: बँकेच्या पेन्शन नोंदीत, आधारवर आणि पासबुकावर एकच नाव हवं. नवी कंपनी बँकेकडून आलेल्या यादीवरून कार्ड काढते, आणि परतफेडीचे पैसे टाकताना खात्यावरचं नाव ताडून बघते. आपल्याकडे पत्नीचं नाव आधारवर माहेरचं, पेन्शन फाइलमध्ये सासरचं आणि पासबुकावर नुसतंच ‘सौ.’ लावलेलं, हे घरोघरी सापडेल. कॅशलेससाठी, म्हणजे बिल थेट कंपनीनं भरावं म्हणून, रुग्णालय ओळखपत्र मागतं तेव्हा हे बाहेर येतं, आणि तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात.

जन्मतारीख: ‘१ जून’वाल्यांची वेगळी यादी करा. शाळेत गुरुजींनी १ जून लिहिलेली, बँकेत तीच चढली आणि आधारवर मात्र दुसरी तारीख, असे सभासद हमखास निघतील. हप्ता वयोगटावर ठरत असेल तर फरक पैशांतच पडतो. आधारवरची तारीख बदलून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा आधी बँकेच्या नोंदीत काय आहे ते छापून घ्या आणि कोणती बाजू दुरुस्त करायची ते नंतर ठरवा.

खातं: हप्ता पेन्शन खात्यातून आपोआप वळता होतो. त्या दिवशी शिल्लक कमी पडली की नाव यादीतून गळतं, आणि ते कळवणारा संदेश बऱ्याचदा जुन्या मोबाइलवर जातो. हप्त्याएवढी रक्कम आणि वर दोन-तीन हजार, विकल्पाच्या मुदतीपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात राहू द्या. मुदत ठेवीत पडलेले पैसे यात धरू नका.

विकल्प: ‘काही केलं नाही तर जुनाच पर्याय चालू राहील’ की ‘काही केलं नाही तर बाहेर’, हे परिपत्रकात एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ शोधा आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. विकल्प पोर्टलवर भरला असेल तर पोचपावतीचा स्क्रीनशॉट ठेवा, शाखेत कागदावर दिला असेल तर शिक्का मारलेली प्रत. शाखेत कागद देऊन आलो एवढ्याने काम झालं असं समजू नका, तो कागद पुढे पोर्टलवर चढावा लागतो.

कुटुंब निवृत्तिवेतनधारक भगिनींकडे जास्त लक्ष द्या. पती हयात असताना त्या ‘जोडीदार’ होत्या, आता त्या स्वतः मुख्य सभासद आहेत. यादीत अजून दिवंगत पतीचंच नाव मुख्य म्हणून चालू असेल तर नव्या टीपीएकडे दावा अडकतो. नवा पीपीओ (पेन्शन आदेश) क्रमांक, मृत्युदाखल्याची प्रत आणि रद्द केलेला धनादेश एकाच लखोट्यात तयार ठेवायला सांगा.

---

आकडेमोड

वरच्या मुद्द्यांत जुन्या वर्षाचे कागद राहिले. कंपनी बदलते तेव्हा कोणता दावा कोणाकडे जाणार याचा सोपा नियम असा की रुग्ण दाखल झाला ती तारीख बघायची. ३० ऑक्टोबरला दाखल होऊन ४ नोव्हेंबरला घरी आला तर दावा जुन्या कंपनीकडे. त्याच आजाराची नोव्हेंबरातली तपासणी आणि औषधंही, पॉलिसीत ठरलेल्या दिवसांपर्यंत, जुन्याच कंपनीकडे. नव्या टीपीएकडे पाठवलीत तर परत येतील आणि तोवर जुन्याची मुदत संपलेली असेल.

डोमिसिलियरी घेतलेल्यांनी, म्हणजे दाखल न होता औषधांचा खर्च मिळणाऱ्यांनी, ३१ ऑक्टोबरपर्यंतची बिलं एकत्र करून जुन्या टीपीएकडे लगेच पाठवावीत. बिलावर रुग्णाचं नाव, औषधविक्रेत्याचा परवाना क्रमांक आणि सोबत डॉक्टरांची चालू चिठ्ठी हवी. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर मधुमेहाच्या गोळ्यांची बिलं लावली की ती नाकारली जातात. १ नोव्हेंबरनंतर नवी चिठ्ठी घ्यायचीच, म्हणजे नवं वर्ष स्वच्छ सुरू होतं.

आता खोलीभाडं. लोकांना वाटतं, मर्यादा ५,००० आणि खोली ८,००० ची घेतली तर रोजचे ३,००० आपल्या खिशातून, संपलं. तसं नाही. खोलीच्या प्रमाणात बिलाचा बराच भाग कापला जातो. उदाहरण घ्या:

पाच दिवस, खोली ८,००० रोज: ४०,०००
शल्यविशारद, भूल, ऑपरेशन थिएटर, परिचर्या: १,२०,०००
औषधं, इम्प्लांट, तपासण्या: १,४०,०००
एकूण ३,००,०००

५,००० भागिले ८,००० म्हणजे ६२.५ टक्के. खोलीचे मिळतील २५,०००. दुसऱ्या ओळीतलेही ६२.५ टक्केच, म्हणजे ७५,०००. तिसऱ्या ओळीला ही कपात लागत नाही, कारण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर प्रमाणशीर कपात करू नये असं विमा नियामक आयआरडीएआयनं सांगितलेलं आहे. एकूण मिळाले २,४०,०००. म्हणजे खिशातून ६०,००० गेले, आणि खोलीच्या भाड्यातला फरक होता फक्त १५,०००. उरलेले ४५,००० त्या खोलीनं सोबत ओढून नेले.

म्हणून दाखल होताना विचारायचा प्रश्न हा: ‘माझ्या मर्यादेतली खोली कोणती, आणि ती रिकामी नसेल तर तसं लिहून द्याल का?’ बिलात आयसीयू असेल तर त्याची मर्यादा वेगळी असते, ती वेगळी बघा. आणि टीपीएनं तिसऱ्या ओळीवरही कात्री चालवली असेल तर गप्प बसू नका, लेखी विचारा.

---

पुणेकर_नातू

काका, हप्ता वाढलाय म्हणून गट योजना सोडून बाजारात वैयक्तिक पॉलिसी घेतली तर? वैयक्तिक पॉलिसीवर आता जीएसटीही नाही म्हणे.

---

डेस्क_क्रमांक_३

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक) आरोग्य पॉलिसीवर जीएसटी नाही, हे बरोबर. ती सवलत गट पॉलिसीसाठी नाही. त्यामुळे दोन हप्ते ताडताना दोन्हीकडची कर धरून अंतिम रक्कम घ्या. आणखी एक फरक वैयक्तिक पॉलिसीच्या बाजूचा: आयआरडीएआयच्या जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ज्येष्ठांच्या वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं. गट पॉलिसीला हे कुंपण नाही. तिथे गेल्या वर्षी सगळ्यांनी मिळून किती दावे केले यावर दर वर्षी भाव ठरतो. आणि ठणठणीत माणसं बाहेर पडली की उरलेल्यांचा सरासरी दावा वाढतो, म्हणजे पुढचा हप्ता आणखी वाढतो. संघाच्या बैठकीत हे मोकळेपणानं सांगायला हवं.

तरीही बहात्तराव्या वर्षी, साखर आणि रक्तदाब सांभाळत, आधी बाहेर पडून मग पॉलिसी शोधणं म्हणजे हातची होडी सोडून देऊन दुसरी शोधणं. विमा काढायला वयाची वरची अट आता राहिलेली नाही हे खरं, पण कंपनीला वैद्यकीय तपासणी करून नकार देता येतो, हप्ता चढवता येतो. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा लागू शकते. पोर्ट (दुसऱ्या कंपनीकडे) किंवा स्थलांतर (त्याच कंपनीच्या दुसऱ्या पॉलिसीत) करून गेलात तर आधी काढलेली वर्षं जमेस धरली जातात, पण फक्त जुन्या विमा रकमेपुरती. चार लाखांवरून दहा लाखांवर गेलात तर वरच्या सहा लाखांना प्रतीक्षा नव्यानं सुरू.

क्रम असा ठेवा: नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज, त्यात सगळे आजार खरे लिहायचे, गटातल्या गेल्या वर्षांची प्रमाणपत्रं जोडायची, लेखी स्वीकृती आणि पॉलिसी हातात घ्यायची, आणि त्यानंतर गटाचा विकल्प नाकारायचा. चिटणीससाहेबांच्या सभासदांकडे आता तीनच आठवडे आहेत, तेव्हा यंदा गटात राहून पुढच्या सप्टेंबरात अर्ज करणं शहाणपणाचं. बाहेर पडलेल्यांना पुन्हा आत घेतील याची खात्री धरू नका.

---

आकडेमोड

दोन टोकांच्या मधला रस्ता म्हणजे मूळ विमा ठेवून त्यावर सुपर टॉप-अप हा जोडविमा. साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत लोक गल्लत करतात. मूळ विमा चार लाख, वरच्याचा उंबरठा (ज्या रकमेच्या पुढचं तो देतो ती) चार लाख. वर्षात दोनदा तीन-तीन लाखांचा दावा आला. मूळ विमा पहिल्यांदा तीन आणि दुसऱ्यांदा एक देऊन संपला, दोन लाख उरले. साधा टॉप-अप म्हणतो, एकही दावा चार लाखांवर गेला नाही, शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि दोन लाख देतो.

बाजारातून घेतलेल्याचा उंबरठा पाच लाख आणि गटाचा विमा चार लाख असेल, तर मधले एक लाख कोणाचेच नाहीत. यंदा कोणी खर्च वाचवायला मूळ विम्याची रक्कम कमी करत असेल तर हे खिंडार आणखी रुंद होईल.

---

गोदाकाठ

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सुरू झालेली ही योजना आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आणि जुन्या आजारांना प्रतीक्षा नाही. खासगी किंवा गट विमा असला तरी काढता येतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) आरोग्य योजनेत असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावं लागतं. वय आधारवरून धरतात, त्यामुळे वरची ‘१ जून’ची यादी इथेही उपयोगी पडेल. पत्नी अडुसष्ट वर्षांची असेल तर तिला यात संरक्षण नाही. आणि कार्ड चालतं ते योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच, म्हणून आपल्या भागातली तीन-चार नावं आधीच शोधून ठेवा.

बैठकीच्या दिवशी हयातीचा दाखलाही तिथेच उरकून घ्या, सगळे एका जागी आलेलेच असतात.

---

डेस्क_क्रमांक_३

दाखल्याबद्दल जपून. तो नोव्हेंबरात द्यायचा असतो, ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून घेतात. विकल्पाची मुदत त्याआधी संपते. दोन्ही एकत्र ठेवले तर ‘नोव्हेंबरात सगळं करू’ म्हणून विकल्प चुकेल.

---

संघाचा_चिटणीस (नाशिक)

फार उपयोगी. शेवटचं विचारतो: १ नोव्हेंबरला नवी कार्डं आलीच नाहीत आणि कोणाला दाखल करावं लागलं तर?

---

डेस्क_क्रमांक_३

हे धरूनच चला, पहिले दोन आठवडे तसेच जातात. बँकेच्या मानव संसाधन विभागाकडून पॉलिसी क्रमांक, नव्या टीपीएचा चोवीस तासांचा फोन आणि ईमेल हे तीन आकडे-पत्ते ३१ ऑक्टोबरच्या आत मिळवा आणि कागदावर छापून प्रत्येकाच्या फ्रिजवर चिकटवा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं ऐन वेळी सापडत नाही. ई-कार्ड नसलं तरी कर्मचारी क्रमांक आणि पॉलिसी क्रमांकावर टीपीए नाव शोधू शकतो. यादी अजून चढलेली नसेल तर त्या क्षणी भांडत बसू नका: दाखल झाल्याची सूचना ईमेलनं २४ तासांत पाठवा, पैसे भरा आणि परतफेडीला जा. कॅशलेसचा अर्ज घेतला गेला तर उत्तर तासाभरात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा नियम आहे. त्यापुढच्या विलंबानं रुग्णालयाचं बिल वाढलं तर ते कंपनीनं सोसायचं.

परतफेडीसाठी डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मोतीबिंदू, गुडघा किंवा स्टेंट असेल तर आत बसवलेल्या वस्तूच्या वेष्टनावरचं स्टिकर. हे स्टिकर घरी आल्यावर मिळवणं फार जड जातं, सोडतानाच मागा. सगळ्याची एक झेरॉक्स घरी. नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, तीस दिवस वाट, मग विमा लोकपाल. लोकपालाची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, पण नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

तुमच्याकडे संगणक येणारे चार-पाच सभासद असतील तर प्रत्येकाकडे तीस घरं वाटून द्या, आणि ५ नोव्हेंबरला प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारा: हप्ता वळता झाल्याची पासबुकात नोंद दिसते का?