पुनर्विकास, घरांचे व्यवहार आणि तळमजल्यावरची दुकाने : आपले अनुभव

मुंबई-पुण्याच्या जुन्या वस्त्यांमध्ये घरांच्या खरेदीविक्रीची चर्चा चौरस फुटाच्या भावापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. त्याच इमारतींच्या तळमजल्यावर घरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेल्या दुकानांचे पुढे काय होते, हे क्वचितच कोणी लिहून ठेवते. दुकानदार, घर घेणारे, विकणारे, मध्यस्थ, सोसायटीच्या समितीवरचे सदस्य अशा सर्वांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती. हळहळ आपल्या सर्वांनाच वाटते; येथे व्यवहार कसा घडला तो तपशील हवा आहे.

दादर, पागडीचे दुकान

आमचे वह्या-पुस्तकांचे दुकान आजोबांनी पागडीने, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर, घेतले होते. वडिलांच्या पश्चात ते माझ्याकडे आले, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 प्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्या जागेत व्यवसाय करत असलेल्या कुटुंबीयाकडे भाडेकरूचा हक्क जाऊ शकतो. एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असणाऱ्या कंपन्यांना आणि बँकांना हा कायदा भाडेकरू म्हणून संरक्षण देत नाही. जुन्या भाड्यावर आमच्यासारखी लहान दुकाने टिकून राहिली, त्याचे या कायद्याचे संरक्षण हे एक मोठे कारण आहे.

पुनर्विकासाची बोलणी मात्र पूर्णपणे क्षेत्रफळावर झाली. जुन्या दुकानाची लांब बाजू रस्त्याकडे होती. नव्या आराखड्यात तेवढेच चौरस फूट अरुंद आणि खोल मिळाले. कागदावर काहीच कमी झालेले नसल्यामुळे तक्रार तरी कशाची करायची, असा प्रश्न होता. बांधकामाच्या काळात रहिवाशाला पर्यायी घराचे भाडे मिळाले की त्याचा संसार चालू राहतो. दुकानदाराला भाडे मिळाले तरी गिऱ्हाईक मिळत नाही, कारण त्याचे निम्मे गिऱ्हाईक त्याच इमारतीतून पांगलेले असते. आम्ही परतलो तेव्हा विकासकाने बाहेरच्यांना विकलेल्या वरच्या सदनिकांमधली मंडळी गाडीतून थेट वाहनतळावर जात आणि तेथून उद्वाहनाने घरी. दुकानासमोरून पायी जाणारी माणसे आमच्या जुन्या चाळीतलीच होती. दुकान आजही चालते, पण शाळा सुरू होण्याच्या हंगामावर. एरवी झेरॉक्सच्या यंत्राने तारले आहे.

ठाणे, मध्यस्थ

घरांच्या विक्रीचे आकडे पाहून दुकान घेऊ नये, असे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची आणि जानेवारी ते मार्च 2021 मध्ये दोन टक्क्यांची सवलत दिली. त्या महिन्यांत दस्तनोंदणीला झुंबड उडाली, आणि पुष्कळांनी त्यावरून आपल्या भागाची मागणी वाढल्याचा निष्कर्ष काढला. प्रत्यक्षात, जे पुढे कधीतरी घेणारच होते, त्यांनी सवलतीत उरकून घेतले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. बांधकाम सुरू असलेल्या सदनिकेचा करार आज नोंदला जातो, ताबा काही वर्षांनी मिळतो, आणि ताबा घेणारा राहायला येईलच असेही नाही. माझ्या ओळखीच्या एका किराणा दुकानदारांनी समोरच्या संकुलाची विक्री जोरात आहे म्हणून शेजारचा गाळाही भाड्याने घेतला. सदनिका विकल्या गेल्या होत्या हे खरेच. परंतु माणसे यायच्या आधीच गाळ्याची मुदत संपत आली. आता मी सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) पाहण्याबरोबर संध्याकाळी इमारतीत किती खिडक्यांमध्ये दिवे लागतात तेही पाहायला सांगतो.

पुणे, सदाशिव पेठ

वाड्याच्या जागी इमारत झाली तेव्हा आम्हाला दुकान मालकीचे मिळाले, त्यामुळे भाड्याची टांगती तलवार नव्हती. तरीही ते आम्हीच बंद केले. परिसरातल्या घरांचे भाव चढले तसे दुकानाचे भाडेही चढले, आणि लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराने, जागा दिली तर दिवसभर गल्ल्यावर बसण्यापेक्षा अधिक पैसे सुटतात, हे गणित भावाने मांडले. मालकी आपली असली की दुकान टिकते, हे म्हणणे मला तरी अर्धेच खरे वाटते.

डोंबिवली, नवीन संकुल

येथे गाळे गुंतवणूकदारांनी घेतले आहेत. भाड्याची अपेक्षा इतकी आहे की औषधांचे दुकान आणि दवाखाने सोडले तर कोणाला परवडत नाही. बाकीची शटरे बंद असतात, आणि भाजी फाटकाबाहेरच्या हातगाडीवरून घ्यावी लागते.

मुलुंड, सोसायटीच्या समितीवर

दादरच्या दुकानदारांनी लिहिलेला दुकानाच्या रस्त्याकडच्या रुंदीचा मुद्दा आमच्याकडे अगदी वेळेवर आला, असे म्हणावे लागेल. आमच्या इमारतीत चार दुकाने आहेत आणि विकसन कराराचा मसुदा सध्या वकिलांकडे आहे. रहिवाशांच्या बाजूने कॉर्पस (विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम), भाडे आणि वाहनतळ यांवर पानेच्या पाने होती. दुकानांसाठी मात्र क्षेत्रफळाची एकच ओळ होती. आता प्रत्येक दुकानाची दर्शनी रुंदी, पदपथापासून जोत्याची उंची, फलकाची जागा आणि माल उतरवण्यासाठी गाडी कोठे थांबेल, हे नकाशासह जोडावे असे आम्ही कळवले आहे. काही सदस्यांना दुकानदारांसाठी एवढी घासाघीस नको आहे, कारण त्यामुळे आपला करार लांबेल अशी त्यांना भीती वाटते. विकासकाने रुंदी मान्य केली आहे. जोत्याच्या उंचीवर अजून बोलणी चालू आहेत, कारण खाली तळघरात वाहनतळ घ्यायचे तर जोते वर जाते आणि दुकानाला पाच पायऱ्या लागतात. आमची बहुतेक गिऱ्हाइके साठीच्या पुढची आहेत.