बाबांची ही लक्षणे वयाची की दारूची? मुंबईत कुठे दाखवावे?

नमस्कार. माझे वडील ६४ वर्षांचे असून बँकेतून निवृत्त झाले आहेत. ते आणि आई गिरगावात राहतात, मी मुलुंडला. नोकरीत असताना ते शनिवारी मित्रांबरोबर घेत असत आणि त्याबद्दल घरात कोणाची तक्रार नव्हती. आता जे दिसते आहे त्याचा अर्थ मला लागत नाही, कारण त्यांना मधुमेह आहे आणि घरात प्रत्येक गोष्टीला 'साखर' किंवा 'वय' हे उत्तर तयार असते.

सकाळी चहा घेताना कप बशीवर वाजतो, इतके त्यांचे हात थरथरतात. मग ते वर्तमानपत्र आणायला खाली जातात आणि अर्ध्या तासाने परततात तेव्हा थरथर थांबलेली असते. (वर्तमानपत्र रोज दारात येते.) तोंडात सतत लवंग असते, जेवण निम्म्यावर आले आहे, पहाटे तीनलाच जाग येते, ग्रंथालयात जाणे सुटले आहे. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर मखराच्या सामानामागे रिकाम्या चपट्या सापडल्या. त्या जुन्या आहेत, असे आईने परस्पर सांगून टाकले.

मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट गणपतीत गावी घडली. काकांच्या घरी त्या दिवसांत दारूला मज्जाव असतो. दुसऱ्या रात्री बाबा घामाने भिजले, भिंतीवर मुंग्या चढत आहेत असे सांगू लागले आणि मला आत्याच्या नावाने हाका मारू लागले. ताप नव्हता, साखर तपासली तर ती ठीक निघाली. काकूंनी दृष्ट काढली. पहाटे चुलतभाऊ त्यांना बाहेर घेऊन गेला आणि परत आले तेव्हा ते बरेच शांत झाले होते. त्याने काय दिले, हे तो आजही सांगत नाही.

बाबांनी कधी तमाशा केलेला नाही, शिवीगाळ नाही, पडझड नाही. अशा माणसाला व्यसनी म्हणावे का? बाटल्या फेकून देऊन घरातच दारू बंद करता येईल का? एका नातेवाइकांनी जेवणातून नकळत द्यायची पूड सुचवली आहे, ती द्यावी का? कृपया अनुभवी व्यक्तींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेविका म्हणून काम केले आहे. तुमच्या साऱ्या वर्णनात गावाकडची रात्र सर्वांत महत्त्वाची आहे. रोज दारू घेणाऱ्या शरीराला ती अचानक मिळेनाशी झाली की साधारण ६ ते २४ तासांत कंप, घाम आणि मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, माणसे ओळखू येत नाहीत. ही शेवटची अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून बाटल्या फेकू नका आणि घरच्या घरी बंदी घालू नका. रुग्णालयात डॉक्टर आधी पर्यायी औषध सुरू करतात आणि ते टप्प्याटप्प्याने कमी करतात. सोबत 'थायमिन' हे जीवनसत्त्वही देतात, कारण त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

तमाशा होत नाही, हा निकष नव्हेच. डॉक्टर पाहतात ते असे: तीव्र ओढ, किती घ्यायची यावरचा ताबा सुटणे, न घेतल्यास त्रास, तेवढ्याच परिणामासाठी जास्त लागणे, इतर आवडी सुटणे आणि नुकसान दिसत असूनही घेत राहणे. यांपैकी तीन गोष्टी वर्षभरात एकत्र दिसल्या तर अवलंबित्व मानले जाते. न घेतल्यास होणारा त्रास आणि सुटलेले ग्रंथालय तुमच्याच लिहिण्यात आले आहे. वयाबद्दल म्हणाल, तर उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे पूर्वीइतकीच दारू जास्त चढते. त्यांचे प्रमाण वाढलेले नसेलही.

साखरेची शंका मात्र रास्त आहे. हात थरथरत असतानाच, खाली जाण्यापूर्वी, साखर मोजा. ७० पेक्षा कमी निघाली तर आधी साखर द्या आणि डॉक्टरांना कळवा, कारण मधुमेहाच्या काही औषधांवर दारू घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

गिरगावातून नायर रुग्णालय जवळ पडेल. परळचे केईएम आणि भायखळ्याचे जे.जे. येथेही मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. जाण्याआधी बोलायचे असल्यास 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे क्रमांक मोफत आहेत. पुन्हा भास झाले किंवा फिट आली, तर बाह्यरुग्ण विभागाची वेळ न पाहता थेट अपघात विभागात न्या.

प्रतिसाद २

पूड अजिबात देऊ नका. अशा पुड्यांत काय असते हे कळायला मार्ग नसतो. त्यात डायसल्फिरम (दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे औषध) असेल आणि वर दारू पोटात गेली, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच दिले जाते. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आमच्याकडेही ही सूचना आली होती आणि सुदैवाने सासूबाईंनी ती धुडकावली.

बोलताना दारूचा विषय काढू नका, थरथरीचा काढा. 'हाताची तपासणी करून घेऊ' म्हटल्यावर आमचे सासरे आले. 'दारू सोडवायला चला' म्हटले असते तर उंबरठासुद्धा ओलांडला नसता. आईंसाठी अल-अॅनॉनची बैठक शोधा. ती पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असते आणि मुंबईत अशा बैठका होतात.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. आज सकाळी थरथर चालू असतानाच साखर मोजली, ती ११८ होती. सोमवारी नायरला जायचे ठरवले आहे आणि हाताचे कारण सांगितल्यावर बाबाही तयार झाले आहेत. त्यांच्यासमोर डॉक्टरांना सारे कसे सांगायचे, एवढाच पेच उरला आहे.

प्रतिसाद १

कागदावर लिहून न्या आणि केसपेपरसोबत डॉक्टरांच्या हाती द्या: मधुमेहाच्या गोळ्यांची नावे, शेवटची दारू केव्हा घेतली, रोज अंदाजे किती, गावी त्या रात्री काय झाले. सोमवारपर्यंत त्यांना अडवू नका. आणि त्याआधी चुलतभावाला फोन करून, पहाटे काय आणि किती दिले होते, ते नक्की विचारा. औषधाचा डोस ठरवताना डॉक्टरांना ते लागेल.