शिबिराचे तंबू आणि गच्चीवरचे छत: सुती कॅनव्हास घ्यावा की सिंथेटिक कापड?

गच्चीवरचा_वर्ग (ठाणे)

नमस्कार. ठाण्यातील आमची छोटी संस्था दर हिवाळ्यात मुरबाड तालुक्यात शाळकरी मुलांसाठी निसर्गशिबिरे भरवते. आमचे सुती कॅनव्हासचे जुने तंबू शिवणींपाशी विरले असून ते नव्याने शिवून घ्यायचे आहेत. शिवाय वसंत विहार परिसरातील कार्यालयाच्या पश्चिमेकडच्या गच्चीवर बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद असे कापडी छत बसवायचे आहे. तेथे दुपारी मुलांचे वर्ग भरतात आणि पावसाळ्यात झड थेट दारापर्यंत येते. दोन्ही कामे एकाच कापडात आणि एकाच कारागिराकडून करून घेतल्यास खर्च वाचेल, असे आमच्या समितीचे म्हणणे आहे.

भिवंडीच्या एका विक्रेत्याने दोन्हींसाठी जाड सुती कॅनव्हास सुचवला. त्यातून हवा खेळती राहते, हे त्यांचे कारण. तुर्भ्याच्या दुसऱ्या विक्रेत्याने सुती कापड बुरशीने जाते असे सांगून पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिस्टर घेण्याचा आग्रह धरला. दोघेही नमुना हातात देऊन केवळ जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन) सांगतात. एकच कापड दोन्हीकडे चालेल का, आणि जीएसएमखेरीज काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ताणाबाणा (नेरूळ)

कापड तपासणीच्या कामात बरीच वर्षे घालवल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. दोन्ही विक्रेत्यांचे म्हणणे खरे आहे, परंतु प्रत्येकाने आपल्या मालाला सोयीची तेवढीच बाजू मांडली आहे. माझ्या मते कापड भिजते किती यापेक्षा भिजलेले कापड वाळणार कधी, हे आधी ठरवावे.

साधारण ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी नुसत्या हवेतून ओढून घेतो. पॉलिस्टरच्या बाबतीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. कापसाचा धागा भिजला की फुगतो, विणीतील छिद्रे मिटत जातात आणि घट्ट विणलेला कॅनव्हास कोणत्याही लेपाशिवाय बऱ्यापैकी पाणी अडवतो. शिवाय ओला कापूस कोरड्यापेक्षा मजबूत असतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मात्र हा गुण उपयोगी पडण्यासाठी पावसानंतर ऊन मिळाले पाहिजे. ठाण्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जुलैत आठवडा-आठवडा मळभ असते, तेव्हा गच्चीवरचा कॅनव्हास वाळण्याची संधीच मिळत नाही. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि बुरशीला नेमके तेच हवे असते. मेण किंवा तांब्याच्या क्षारांचे संस्करण केलेला कॅनव्हास अधिक टिकतो, तरी कायम ओल्या जागी त्यालाही मर्यादा आहेत. म्हणून छतासाठी सुती कापडाचा विचार सोडून द्यावा.

मात्र सिंथेटिक या एका नावाखाली फार वेगवेगळी कापडे विकली जातात. नायलॉन उन्हात लवकर कमकुवत होते आणि भिजल्यावर सैल पडते, त्यामुळे कायमच्या छतासाठी ते निरुपयोगी ठरते. निळी किंवा पिवळी ताडपत्री पॉलिथिलीनची असते. एखादा पावसाळा काढण्यापुरती ती ठीक आहे. धागा तयार होण्याआधीच ज्यात रंग मिसळलेला असतो असे अॅक्रिलिक कापड उन्हात सर्वांत कमी विटते आणि त्यातून थोडी हवाही जाते, परंतु ते पाणी परतवते, पूर्णपणे अडवत नाही. पीव्हीसी लेपाचे पॉलिस्टर पाणी पूर्ण अडवते आणि त्याचे जोड शिवण्याऐवजी गरम हवेने चिकटवता येतात. मात्र त्यातून हवा अजिबात जात नाही. तुमचा मुख्य त्रास झडीचा असल्यामुळे मी सहाशे-सातशे जीएसएमचे पीव्हीसी पॉलिस्टर फिक्या रंगात घेईन. वरच्या बाजूने, भिंतीलगत, गरम हवा निघून जाण्यासाठी वीतभर फट ठेवावी आणि तिच्यावर पत्र्याची छोटी पट्टी बसवावी. जीएसएमखेरीज विचारायचे ते असे: अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर आहे का, लेप दोन्ही बाजूंनी आहे का, आणि कडा कोणत्या धाग्याने शिवणार? कापड शाबूत राहून आधी शिवणच उसवते, असे बहुतेक छतांच्या बाबतीत घडते.

उताराकडेही लक्ष द्यावे. तुमचे छत जवळपास नऊ चौरस मीटरचे आहे. दिवसभरात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर नऊशे लिटर पाणी पडते. मधोमध दोन चौरस मीटरच्या खोलगट भागात सरासरी पाच सेंटिमीटर पाणी साचले, तरी तेवढ्यानेच शंभर किलोचा भार येतो. आठ फुटांच्या रुंदीत निदान दोन फूट उतार हवाच.

मांडव_आणि_कनात (कळवा)

वरील विवेचन पाणी आणि उन्हापुरते मान्य आहे, परंतु मुले खाली बसणार असताना आगीचा उल्लेखही नसावा, हे मला खटकले. आमचा व्यवसाय मांडवांचा आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या कार्यक्रमात शामियान्याला आग लागून चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वरचे सिंथेटिक कापड पेटून, वितळून लोकांच्या अंगावर पडत होते. तात्पुरते मांडव उभारण्यासंबंधीच्या आयएस ८७५८ या भारतीय मानकात सिंथेटिक कापड व दोर टाळण्यास सांगितले आहे, ते उगाच नव्हे.

याचा अर्थ सुती म्हणजे निर्धोक, असाही कोणी घेऊ नये. ६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे सर्कशीचा तंबू जळून दीडशेहून अधिक लोक दगावले, तो तंबू कॅनव्हासचाच होता; पाणी अडवण्यासाठी त्याला पेट्रोलमध्ये पातळ केलेले पॅराफिन मेण लावले होते. त्यामुळे वर सांगितलेले मेणाचे संस्करण मुलांच्या तंबूंना करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोरॅक्स, बोरिक अॅसिड आणि अमोनियम सल्फेट यांच्या द्रावणात बुडवून सुती कापड अग्निरोधक करता येते, परंतु हे क्षार पाण्यात विरघळतात. कापड धुतले किंवा पावसात भिजले की संस्करण पुन्हा करावे लागते. विक्रेते ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

पीव्हीसीमध्ये क्लोरीन असल्याने ते ज्योत दूर केल्यावर बहुधा विझते, पण त्याचा धूर विषारी असतो. बाजूंनी उघड्या गच्चीवर ते चालेल. बंदिस्त तंबूला मात्र मी ते वापरू देणार नाही.

गच्चीवरचा_वर्ग (ठाणे)

दोघांचेही आभार. एकाच कापडाचा हट्ट समितीने सोडावा, हे आता मी पटवून देऊ शकेन. तंबूंसाठी मग साधा सुती कॅनव्हासच घ्यावा का? आमची शिबिरे डिसेंबर-जानेवारीत असतात. पाऊस नसतो, मात्र पहाटे दव भरपूर पडते.

सह्याद्रीची_वाट (बदलापूर)

डिसेंबरात मुरबाडकडे सुती तंबूच सुखाचा. आठ-दहा मुले रात्रभर एका तंबूत श्वास घेत असतात. लेप दिलेल्या पॉलिस्टरखाली ती वाफ आतल्या बाजूला साचते आणि पहाटे पांघरुणांवर थेंब पडू लागतात. सुती कापड ती ओल शोषून हळूहळू बाहेर सोडते. उचलण्याचा त्रास मात्र खराच आहे: कॅनव्हास तीनशे ते चारशे जीएसएमचा असतो, तर पाठीवर न्यायच्या तंबूंचे पॉलिस्टर शंभर जीएसएमच्याही आत असते. तुम्ही सामान टेम्पोने नेत असाल, तर याची काळजी करू नये. वजन कमीच करायचे असेल तर पॉलिकॉटनचा (पॉलिस्टर व कापूस यांच्या मिश्र कापडाचा) पर्याय पाहावा, परंतु मिश्रणातील कापसाचे प्रमाण लेखी घ्यावे.

नवा कॅनव्हास पहिल्या शिबिराआधी उभा करून पाण्याने पूर्ण भिजवावा आणि उन्हात कडकडीत वाळवावा. असे दोन-तीनदा केले की धागे फुगून सुईची छिद्रेही बरीचशी बुजतात. कापड थोडे आटते, म्हणून भिजवताना दोर सैल ठेवावेत. ओल्या कापडाला आतून पाठ किंवा दप्तर टेकले की त्या जागी पाणी झिरपते, हे मुलांना आधीच सांगावे. दवाने ओला झालेला तंबू घडी करून ठाण्याला आणला, तर दुसऱ्याच दिवशी तो गच्चीवर पसरावा. तसाच ठेवल्यास दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात आणि ते पुढे निघत नाहीत.

ताणाबाणा (नेरूळ)

आगीविषयीची पुरवणी योग्य आहे; मेणाबाबतचे मतही मान्य. छताबद्दल एक गोष्ट राहिली होती. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी आले आणि तौक्ते १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेले, म्हणजे दोन्ही वेळा पावसाळी छते नुकतीच चढलेली असण्याचे दिवस होते. म्हणून कापड चौकटीला कायमचे ठोकून न बसवता आयलेटमधून (कापडाच्या कडेला बसवलेल्या धातूच्या कड्यांमधून) दोर ओवून बांधावे, जेणेकरून इशारा मिळताच दोघांना ते उतरवता येईल. चौकट गॅल्व्हनाइज्ड पाइपची घ्यावी आणि वेल्डिंगच्या जागी जस्ताचा रंग लावून घ्यावा, कारण खाडीकडच्या हवेत गंज तेथूनच सुरू होतो.