बाळाला पावडर लावायची का? मे महिन्यात परभणीला चाललोय

प्रेषक: परभणीची सून

नमस्कार मंडळी,
मे महिन्यात पहिल्यांदाच लेकराला घेऊन परभणीला चाललोय, तेव्हा ते पाच महिन्यांचं असेल. फोनवर सासूबाईंचं एकच चालू आहे, हिकडं लई ऊन पडायलंय, घामोळ्या येतील, येताना पावडरचे दोन-तीन डबे घेऊन ये, तिकडचा माल चांगला असतो. आणि इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच व्हिजिटला सांगितलंय की पावडर अजिबात लावू नका. आमच्या ह्यांनी तर हात झटकले, म्हणे आम्ही सगळे पावडर लावूनच मोठे झालो, काय झालं आम्हाला? पावडरनं कॅन्सर होतो म्हणून कंपनीवर खटले झाले, ती भानगड खरी आहे का निस्त्या कोर्टकचेऱ्या? मला भांडण नको, नीट उत्तर पाहिजे.

---

प्रेषक: लातूरकर काका

सूनबाई, एवढं घाबरायचं काही कारण नाही. कॅन्सरचं मात्र खरं असणार, कारण आपल्या महाराष्ट्रात एफडीएनं, म्हणजे अन्न-औषध प्रशासनानं, २०२२ ला मुलुंडच्या जॉन्सनच्या कारखान्याचं लायसन्सच काढून घेतलं होतं, त्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळं. आता मक्याच्या स्टार्चची मिळते ना तिकडं, ती घेऊन जा. ती सेफ आहे, विषय संपला.

---

प्रेषक: नांदेडची ताई

काका, राग मानू नका, पण मुलुंडचं प्रकरण अ‍ॅस्बेस्टॉसचं नव्हतंच. पुणे आणि नाशिकहून घेतलेल्या सॅम्पलचा पीएच ठरलेल्या मर्यादेत बसला नाही म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये लायसन्स रद्द झालं, आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो आदेशच रद्द केला. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं एकाच हंड्यात शिजतं त्याला काय करणार.

मी फार्मसीत काम करते म्हणून हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. टॅल्क म्हणजे आपलं शंखजिरं, खाणीतून काढलेला दगड दळून केलेली भुकटी. त्या खडकातच कधीकधी अ‍ॅस्बेस्टॉस नावाचं तंतुमय खनिजही असतं, भीती त्या भेसळीची, आणि अ‍ॅस्बेस्टॉसनं कॅन्सर होतो याबद्दल कुणालाच शंका नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरच्या एका डब्यात ते अगदी किंचित सापडलं तेव्हा कंपनीनं तो लॉट परत मागवला, पण आमच्या टॅल्कमध्ये ते नसतं हे म्हणणं काही सोडलं नाही. मग २०२० मध्ये अमेरिका-कॅनडात टॅल्कवाली पावडर विकणं बंद केलं आणि पुढं २०२३ मध्ये बाकीच्या जगातही, त्यात भारत आलाच. म्हणजे सासूबाई मागायलेत तो 'तिकडचा माल' आता बहुतेक मक्याचा स्टार्चच आहे. जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर संस्थेनं टॅल्कला २ए गटात टाकलं, म्हणजे 'कॅन्सर होण्याची बरीच शक्यता, पण माणसांमधला पुरावा मर्यादित'. आता त्याच गटात लाल मटण आहे आणि रात्रपाळीसुद्धा आहे, तेव्हा गट ऐकून हबकू नका, पुरावा किती पक्का एवढंच त्यावरनं कळतं, धोका किती मोठा ते कळत नाही. आणि माणसांवरचे जे अभ्यास आहेत ते बरेचसे वर्षानुवर्षं गुप्तांगाला पावडर लावणाऱ्या बायकांचे, अंडाशयाच्या कॅन्सरबद्दलचे.

पण तुझे डॉक्टर नको म्हणायलेत ते बहुतेक श्वासासाठी. सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप येते ना, त्यात तो पफ एकदा झटकून बघ, भुकटी किती वर उडते आणि किती वेळ तरंगत राहते. लेकराचं नाक तिथंच असतं, आणि वरून परभणीतला फुल स्पीडवरचा पंखा. टॅल्क पाण्यात विरघळत नाही, श्वासनळीत गेलं की चिकटून बसतं. डबा तोंडावर सांडला तर लेकरू आधी ठसकतं, मग ठीक वाटतं, आणि कधीकधी काही तासांनी धाप लागते. म्हणून असं काही झालं तर वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. बसायला लागलेली लेकरं तर डबा दुधाच्या बाटलीसारखा तोंडाला लावतात, तो हाताशी ठेवूच नका.

काका, मक्याची पावडर टॅल्कपेक्षा बरी आहे हे कबूल, पण छातीत जायला तीही भुकटीच. आणि घाम आला की मानेच्या वळ्यांत, काखेत, जांघेत तिचा लगदा होतो, मग तिथंच लाल होतं, खाजतं.

आता घामोळ्यांचं. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, कोकणासारखी चिकचिक नाही. तरी लेकरांना घामोळ्या येतात कारण डोक्याला टोपडं, अंगात झबलं, त्यावर दुपट्यात गच्च गुंडाळलेलं, अन् बाळाला वारं लागंल म्हणून खिडक्या बंद! बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस आणि आत ही भट्टी. टोपडं काढ, मलमलचं एकच झबलं ठेव, कूलर खुशाल लाव, फक्त झोत थेट अंगावर नको. अंघोळीनंतर वळ्या उघडून सुती फडक्यानं टिपून घे, घासायचं नाही, आणि मालिशचं तेल अंगावर तसंच राहू देऊ नको. डायपरच्या जागी लाल झालं तर झिंक ऑक्साइडचं मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली पुरते, आणि दिवसातून थोडा वेळ तसंच उघडं खेळू दे. मोठ्यांच्या घामोळ्यांच्या पावडरी तर नकोच, त्यात मेन्थॉल असतं, काहींत बोरिक अ‍ॅसिड असतं.

---

प्रेषक: लातूरकर काका

मुलुंडचं समजलं. पण मग वेखंड? आमच्या आईनं आम्हा सगळ्यांच्या टाळूवर अन् छातीवर वेखंड चोळलं, त्यात तर कुठली कंपनी नाही.

---

प्रेषक: नांदेडची ताई

काका, कंपनी नाही, पण भुकटी आहेच की. नाकाला काय कळतंय दगडाची का मुळाची. धुरीचं तर विचारूच नका, बंद खोलीत शेगडीवर ओवा आणि शेपा टाकून धूर करायचा आणि मग लेकराला खोकला का झाला म्हणून डॉक्टरला विचारायचं.

सूनबाई, तुला एक सांगते, सासूबाईंना 'पावडर वाईट असते' असं म्हणू नकोस. त्यांनी सगळी लेकरं तशीच वाढवलीत, त्यांना ते लागणारच. त्यापेक्षा सांग की आई, इथं मलमलची झबली मनासारखी मिळत नाहीत, तुम्ही पाच-सहा शिवून ठेवा, बिनबाह्यांची. आणि डॉक्टरचं नाव पुढं कर, आपल्याकडं सुनेपेक्षा डॉक्टरचं ऐकतात.

---

प्रेषक: परभणीची सून

ताई, काका, दोघांचे आभार. काल रात्री फोन केला. झबल्यांवर एकदम खूश, जुन्या मऊ धोतराची शिवते म्हणाल्या, ती मलमलपेक्षा चांगली म्हणे. डॉक्टर नको म्हणतात म्हटल्यावर जरा गप झाल्या, मग म्हणाल्या बरं नको लेकराला, पण डबे आणच, मला लागतात उन्हाळ्यात, पाठीला. आता त्यांच्यासाठी आणू का नको? मक्याचीच बघून आणीन, पण लेकरू दिवसभर त्यांच्याच मांडीवर असणार.