मदत हवी आहे: गाडीच्या मूळ स्टिरिओचा आवाज पूर्ण बंद, पडदा मात्र चालू

प्रवासी:
माझ्या गाडीत कंपनीने बसवून दिलेल्या स्टिरिओचा आवाज चार दिवसांपूर्वी अचानक गेला. पडदा उजळतो, रेडिओ केंद्र पकडतो, फोन ब्लूटूथने जोडला जातो, गाण्याचा वेळही पुढे सरकताना दिसतो. परंतु एकाही स्पीकरमधून काही ऐकू येत नाही. फ्यूज पाहिले, ते ठीक आहेत. बॅटरीची तार काढून पुन्हा जोडली, तरी फरक पडला नाही. ज्यांना गाडी दाखवली त्यांनी काहीही न तपासता संपूर्ण संच बदलायला सांगितले. परवा लांबच्या प्रवासाला निघायचे आहे, तेव्हा कृपया नेमके काय करावे तेवढे सांगा.

तारयंत्र:
गाडी कोणत्या वर्षाची, स्पीकर किती, ॲम्प्लिफायर संचातच आहे की वेगळा, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. फ्यूज पाहिले म्हणजे कोणते पाहिले? स्टिरिओला बहुधा दोन वाटांनी वीज मिळते: एक कायमची, जिच्यावर घड्याळ आणि केंद्रांची नोंद टिकते, आणि दुसरी किल्ली फिरवल्यावर येणारी. ॲम्प्लिफायर सीटखाली किंवा डिकीत वेगळा बसवलेला असेल, तर त्याचा फ्यूज निराळाच असतो. तो उडाला, तर पडदा नेहमीसारखा चालत राहतो आणि आवाज तेवढा जातो.

ठिणगी:
माझ्या गाडीतही असेच झाले होते. मी दोन आठवडे शोधाशोध केली आणि शेवटी बाहेरचा नवा संच बसवून घेतला. त्यानंतर कधीही त्रास झाला नाही. परवा निघायचे असेल, तर आपणही तेच करावे.

तारयंत्र:
या सल्ल्याशी मी सहमत नाही. दोष तारेत किंवा स्पीकरमध्ये असेल, तर नवा संचही तसाच मुका राहील. शिवाय स्टिअरिंगवरची बटणे आणि मागचा कॅमेरा मूळ संचाला जोडलेले असतील, तर ती जुळवाजुळव हे स्वतंत्र काम होऊन बसते.

सावकाश:
इंजिनचा वेग वाढवल्यावर स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर तो अल्टरनेटरचा असतो. अशा वेळी स्टिरिओची अर्थिंगची तार रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर घट्ट बसवून पाहावी.

प्रवासी:
शिट्टीची तक्रार नाही, आवाजच नाही. कृपया मूळ प्रश्नावर बोलावे.

षड्ज:
तीन गोष्टी सांगा. सुरू करताना स्पीकरमधून ‘टक’ असा आवाज येतो का? मधेच क्षणभर गाणे ऐकू येते का? गेल्या काही महिन्यांत दाराचे, सीटचे किंवा डॅशबोर्डचे काही काम झाले होते का?

प्रवासी:
स्पीकर चार आहेत आणि वेगळा ॲम्प्लिफायर नाही. सुरू करताना टक होते, मग शांतता. काल पुढच्या उजव्या दाराची काच खाली घेत असताना क्षणभर गाणे ऐकू आले होते, पण तो योगायोग वाटला. दीड महिन्यापूर्वी त्याच दारातली काच वर-खाली करणारी यंत्रणा बदलली होती. काच उत्तम चालते, म्हणून ते लिहिले नाही.

षड्ज:
हेच आधी कळायला हवे होते. अशा संचात चारही स्पीकरना चालवणारी बहुधा एकच आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, असते, आणि स्पीकरच्या दोन्ही तारांवर, म्हणजे ज्या तारेला आपण ऋण म्हणतो तिच्यावरसुद्धा, बॅटरीच्या सुमारे निम्मा, म्हणजे सहा व्होल्टच्या आसपासचा दाब असतो. त्यामुळे त्यांपैकी एक जरी तार गाडीच्या पत्र्याला टेकली, तरी आयसी स्वतःला वाचवण्यासाठी चारही स्पीकर बंद करते. एका दारातल्या दोषाने सगळी गाडी मुकी होते ती अशी, आणि संच बिघडला असा समज होतो तोही यामुळेच.

स्टिरिओ बंद करून बाहेर काढा, मागचा स्पीकरचा कनेक्टर सोडवा आणि मल्टिमीटरने कनेक्टरमधली स्पीकरची प्रत्येक तार पत्र्याशी तपासा. तिथे संपर्क मुळीच दिसता कामा नये. एकाच स्पीकरच्या दोन तारांमध्ये मात्र, स्पीकर चार ओहमचा असेल तर, तीन ते चार ओहम दिसायला हवेत. ही मोजणी काच पूर्ण वर, अर्ध्यावर आणि पूर्ण खाली असताना वेगवेगळी करा.

ठिणगी:
एवढे करण्यापेक्षा दारातल्या स्पीकरचा प्लग काढून पाहणे सोपे नाही का?

षड्ज:
सोपे आहे, पण अपुरे आहे. तार स्पीकरपर्यंत पोहोचण्याआधीच घासली असेल, तर प्लग काढूनही ती पत्र्याला टेकलेलीच राहील आणि दारात दोष नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

प्रवासी:
मोजले. सहा तारा निर्दोष निघाल्या, पण पुढच्या उजव्या स्पीकरची एक तार पत्र्याशी थेट जोडलेली दिसली, आणि काच खाली नेताच तो संपर्क तुटला. दाराचा पॅड काढल्यावर कारण सापडले. तारेची जोडी क्लिपमध्ये परत न अडकवता तशीच सोडली होती, आणि ती काचेच्या रुळामागे चेपून एका तारेवरचे आवरण घासले होते. जोडीतली दुसरी तार शाबूत आहे. तार बाजूला धरून स्टिरिओ जोडला आणि चारही स्पीकर वाजले. किती बरे वाटले, ते शब्दांत सांगता येत नाही. आता प्रवासापुरती साधी चिकटपट्टी चालेल का?

षड्ज:
चिकटपट्टीवर विसंबू नका. दाराच्या पोकळीत पावसाचे पाणी उतरते आणि उन्हाने पट्टीचा गोंद सुटतो. आतल्या तारा तुटल्या असतील तर सोल्डर करा, तापवल्यावर आवळणारी नळी चढवा आणि जोडी मूळ क्लिपमध्ये बसवा. पॅड लावण्यापूर्वी काच पाच-सहा वेळा पूर्ण वर-खाली करून संगीत सलग चालते का ते ऐका. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद काढला असेल, तर तो कडेने नीट चिकटवा. नाहीतर पाणी आत येईल.

प्रवासी:
नळी चढवली, क्लिप बसवली, काच दहा वेळा फिरवली आणि आवाज एकदाही तुटला नाही. उद्या सकाळी पॅड लावतो. कागद एका कोपऱ्यात फाटला आहे, तेवढा आज बदलून घेतो.