विषय: माजी सैनिक आणि धंदा
'माजी सैनिकांचा धंदा चालतो तो शिस्तीमुळे' असं एक मत वाचलं, ते मला अर्धंच पटलं. अमेरिकेतला गाजलेला मोटार मेकॅनिक स्मोकी युनिक याचं उदाहरण घ्या. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, शेती अंगावर पडली, तर पठ्ठ्याने भंगारातल्या गाडीचा ट्रॅक्टर केला. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ हे बॉम्बफेकी विमान चालवलं आणि १९४७ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचला गॅरेज टाकलं. नाव काय, तर 'बेस्ट डॅम गॅरेज इन टाउन'! (नम्रता कशाशी खातात, हे बहुधा ठाऊक नसावं.)

पुढे तो नॅस्कार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींसाठी गाड्या बनवू लागला. तिथल्या नियमांत पेट्रोलच्या टाकीचं माप दिलेलं, पण टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीबद्दल चकार शब्द नव्हता. याने ११ फूट लांब आणि २ इंच जाड नळी बसवली. म्हणजे टाकी नियमात, जादा पेट्रोल नळीत! आता याला शिस्त म्हणायचं की खोड? मी तरी खोडच म्हणेन. हातात आलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय चैन न पडणारी माणसं असतात, त्यांतला हा. फौजेत त्याला फक्त मोठं यंत्र मिळालं.

गॅरेज १९८७ पर्यंत चाललं. चांगले मेकॅनिकच उरले नाहीत, असं म्हणत त्याने ते बंद केलं.